राग टांगायचा हिवर

पुंजाजीकाकांच्या पानमळ्याच्या दाराशी हिवराचं एक झाड होतं. सावली द्यायला कंजूष, काटे द्यायला दिलदार. काका रोज सकाळी तिथं यायचे, जोडे काढायचे, दोन्ही हात तोंडावरून फिरवून काहीतरी ओढून काढल्यासारखं करायचे आणि ते जे काय असेल ते हिवराच्या काट्याला टांगायचे. हातात काही नसायचं बरं का. पागोटं डोक्यावर, उपरणं खांद्यावर. पण काटा असा निरखून निवडायचे, जसा काही भरजरी अंगरखाच अडकवायचा आहे. मग वाकून दाराच्या मातीला हात, तो हात कपाळाला, आणि आत.

वाटेनं जाताना मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, बुढा सटकला.

पुढं आमची गाठ पडली त्या दिवशी मीही काही कमी सटकलेला नव्हतो. माझं काम अमरावतीच्या कापूस बाजारात, एका अडत्याकडे बोली पुकारायचं. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि तो बाहेर आला की मी घसा फाडायचा. चांदूर बाजारच्या शाळेत मी अक्षरं कमी आणि मास्तर जास्त शिकलो होतो. त्यांचं खाकरणं, तपकीर ओढणं, छडी उगारताना धोतर सावरणं, सगळं पाठ. बाजारात तेच कामाला आलं. बोली पुकारता पुकारता मी गिऱ्हाइकांच्या नकला करायचो आणि लोक बैलबंड्यांवर उभे राहून हसायचे. त्या दिवशी मुंबईच्या एका शेठजींची केली. शेठजी माझ्या मागंच उभे होते. अडत्यानं चार लोकांत माझ्या कानाखाली असा आवाज काढला की बैलांनीसुद्धा माना वळवल्या.

मी तणतणत बडनेऱ्याच्या वाटेला लागलो. राजापेठ मागं पडली की तिकडे वावरंच वावरं. ऊन मी म्हणत होतं आणि तुराट्यांच्या कुडाआड हा पानमळा हिरवागार, थंडगार. म्हटलं, घटकाभर आत बसू. पाय टाकणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"ए! थांब बे तिथं. अंगात कोन हाय?"

"कोन म्हंजे? मीच हावो."

"तुले नायी विचारून राहिलो. तुह्या नाकाच्या शेंड्यावर जो बसला हाय, थो कोन?"

"मले राग आला हाय, काका."

"मंग बाहेर बस. वेलीले चालत नायी."

बसलो. काय करतो? आत काका अंगठ्यात लोखंडी नखी घालून पानं खुडत होते. टिक, टिक, टिक. थोड्या वेळानं कुडाआडून विचारलं, "निवला का?"

"नायी."

"मंग बस."

पुन्हा टिक, टिक. "कोनावर हाय राग?"

"अडत्यावर."

"थो कसा बोलते?"

आता हे विचारावं लागतं का मला? आमचा अडत्या दर चार शब्दांनी सुटलेलं पोट धोतरात परत भरायचा. मी उठून उभा राहिलो, पोट सोडलं, पोट भरलं आणि त्याच्याच आवाजात मला स्वतःला रागावलो. कुडाआड आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग पानांची डाल पडल्याचा आवाज आला आणि मग एक म्हातारा माणूस पोट धरून हसत दारात आला. त्याच्या हसण्यानं मलाही हसू फुटलं.

"हां, पडला खाली," काका म्हणाले. "उचल, टांग त्या काट्याले अन् ये आत. जोडे काढ पयले."

अशी आमची ओळख.

पानमळ्याचा कायदा पानं पिकवणाऱ्या बारी लोकांत जुनाच आहे. जोडे घालून आत जायचं नाही, अंघोळ केल्याशिवाय जायचं नाही, आत भांडायचं नाही. पानवेल नाजूक, तिला विटाळ सोसत नाही म्हणतात. बाकीचे बारी पहिल्या दोन गोष्टी पाळायचे आणि तिसरी सोयीनं विसरायचे. काका तिसरीचे पक्के. एकदा मी छेडलं, "काका, वेलीले खरंच समजते का हो कोनाले राग आला ते?"

काका पान उलटून पाहत म्हणाले, "वेलीचं मले मालूम नायी बाप्पा. मले समजते. रागात खुडलं का देठ तुटते. देठ तुटलं का पान लवकर सडते. अन् सडकं पान निंघालं का मले पुन्हा राग येते. त्याच्यापेक्षा काटा बरा."

हा माणूस साधूबिधू होता असं समजू नका. घोरायचा असा की मोटेचे बैल बिचकायचे. गावातल्या भानगडी त्याला सगळ्यात आधी पाहिजेत. भाकरीसोबत ठेचा नसला तर तोंड फुगवायचा. मी बाजारातून आलो की पहिला प्रश्न, "आज कोन आनला?" म्हणजे आज नक्कल कोणाची. मी रुई पाहायला आलेला गोरा साहेब आणायचो: नाकाला रुमाल लावून, कापसात बोट घालून, "टुमचा कापूस ओला हाय, टुमी पानी मारटा!" काका मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसून डोळे पुसायचे. पण नकलेत जरा विष उतरलं की हात वर करायचे. "याच्यात तुहा राग हाय. हे हिवराखाली कर. आत फकस्त हसाचं."

आणि हा कायदा स्वतःला लावण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. एका सकाळी मी गेलो तर मालक दाराबाहेर दगडावर बसलेले. आत बैल जुंपलेले, मोट विहिरीवर लोंबकळून राहिलेली, पाट कोरडा.

"काहून बाहेर, काका?"

"तुह्या काकूसंगं झालं. अंबाडीच्या भाजीवरून."

"मंग?"

"मंग काय? निवाची वाट पाहून राहिलो." आणि मग हळूच, "जरा आत जाऊन पाह्य ना, थे निवली का."

आत सारजाकाकू वेल बांधत होती. मी निरोप सांगितला. काकूनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी तर घरूनच निवून आली म्हनावं. भाजी खारट झाली होती, मीबी तेच म्हनत होती. पन त्यायले आधी म्हनाचं होतं."

बाहेर येऊन मी हे काकूच्या आवाजात, मानेच्या झटक्यासकट सांगितलं. काका खदखदले, उठले, काट्याला टांगलं आणि आत गेले. वेलींना त्या दिवशी पाणी उशिरा मिळालं. त्यांनी काही तक्रार केली नाही.

एकदा दुपारी दोघं थारोळ्यात पाय सोडून बसलो होतो. मी विचारलं, "काका, तुमी इतके खुशीत कसे असता हो?"

काकांनी असं पाहिलं माझ्याकडे, जसं मी शेण कशाला म्हणतात ते विचारलं. "पाटात पानी हाय. बैल बसला हाय. तुही काकू आज माह्यासंगं बोलून राहिली हाय. आता आनखी काय, आभाय खाली आनाचं का बे?"

हे सगळं ज्या दिवसांत चाललं होतं ते दिवस खुशीनं बसायचे नव्हतेच. समुद्रापलीकडे कुठंतरी अमेरिका नावाच्या मुलखात भाऊभाऊ लढायला उठले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाणं बंद झालं आणि विलायतेनं वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. ती अमेरिका आमच्या बाजारात कोणी पाहिली नव्हती, पण तिची लढाई चालू राहू दे म्हणून नवस बोलणारे मी पाहिलेत. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आली. परसात पऱ्हाटी आली. उकिरड्यावर खत फुकट आहे म्हणून तिथंही आली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. एकानं म्हणे बंडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली. चाक फिरताना तो स्वतः खाली उतरून पाहत पाहत पायी चालायचा.

काकांचा धाकटा भाऊ किसनाजी. मळा वडिलांचा, दोघांचा मिळून. किसनाजी कष्टाळू, हाताचा चलाख आणि डोक्यानं सतत पुढच्या गावी. त्याला पऱ्हाटी लावायची होती. "दादा, अख्खं अमरावती सोनं पेरून राहिलं, अन् आपन पानं खुडून राहिलो."

पण भांडायचं कुठं? आत भांडायची सोय नाही. म्हणून तो दारातून हाक मारायचा, "दादा, बाहेर या, भांडाचं हाय."

"आलो रे धाकल्या. एवढी वेल होऊ दे."

ती वेल व्हायची. मग तिच्या शेजारची व्हायची. काका बाहेर येईस्तोवर किसनाजीचं भांडण सुकून जायचं. काका विचारायचे, "हां, बोल धाकल्या, काय म्हनत होता?" किसनाजी हात झटकायचा, "काई नायी, चाला, मोट हाकू." मी कितीतरी वेळा हा तमाशा पाहिला आणि वाटायचं, किती बेस तोडगा आहे. सगळ्या जगानं असा एक कूड घालावा.

तोडग्याला भोक असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका सकाळी किसनाजीनं हाक मारली नाही. तो जोडे घालून, कुऱ्हाड घेऊन सरळ आत गेला आणि आपल्या वाटणीच्या अर्ध्या मळ्यातल्या शेवऱ्या तोडायला लागला. पानवेल शेवरीवर चढते. शेवरी पडली की वेल पडते. मी राजापेठेत काकांच्या घरीच होतो, कोणीतरी ओरडत आलं म्हणून काकांच्या मागोमाग धावलो. काका इतके धावू शकतात हे मला माहीत नव्हतं. अनवाणी, उघड्या डोक्यानं धावत आले आणि दाराशी, हिवराजवळ येऊन थांबले.

थांबलेच.

कारण त्यांना राग आला होता. असा राग मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. हात तोंडावरून फिरवत होते, काट्याकडे नेत होते, पुन्हा फिरवत होते. टांगला जात नव्हता. आत कुऱ्हाडीचे घाव पडत होते, हिरव्या फांद्या कडकड मोडत होत्या आणि मळ्याचा मालक मळ्याच्या दारात उभा राहून स्वतःचा राग सोलून काढायचा प्रयत्न करत होता. सारजाकाकू मागून आली आणि किंचाळली, "अवो, जा ना आत! कायदा काय चाटता आता? मळा चालला!"

काका गेले नाहीत. किसनाजी बाहेर आला तेव्हा घामानं भिजलेला होता. भावासमोर क्षणभर थांबला. बहुतेक काकांनी एक थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. काकांचा हात अजून काट्याकडेच जात होता. किसनाजी खाली मान घालून निघून गेला.

दुपार कलल्यावर कधीतरी काका आत जाऊ शकले. मी सोबत होतो. वाटलं, म्हातारा आता कोसळतो. काका उकिडवे बसले, पडलेल्या वेली एकेक करून उचलल्या, त्यातल्या जित्या कांड्या नखीनं कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि स्वतःच्या अर्ध्यात, विहिरीजवळच्या सावलीत वेगळी ओळ करून लावल्या. मग ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे धाकल्याचे. याले कोनी हात लावाचा नायी."

काकूनं त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला. तिचं म्हणणं साधं होतं: कायदा मळ्यासाठी असतो, मळा कायद्यासाठी नसतो. मलाही तसंच वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, "काका, त्या दिवशी आत जायले पाह्यजे होतं का?"

काकांनी अंगठ्यातली नखी काढली. "गेलो असतो तर कुऱ्हाड माह्या हातात आली असती रे. मंग शेवऱ्या वाचल्या असत्या, धाकला वाचला असता का नायी, मालूम नायी." पुढं म्हणाले, "पन तुही काकूबी खोटं बोलत नायी. दोनी खरं हाय. म्हनून तर झोप येत नायी."

त्या दिवसापासून त्यांच्या टांगण्यात एक फरक पडला. काट्याला राग टांगायचे आणि तरी एक घटका तिथंच रेंगाळायचे. मी म्हटलं, "सगळा टांगला ना?"

"धाकल्यावरचा टांगला. माह्यावरचा हाय थो राहत नायी काट्यावर. उतरते अन् मांगं मांगं येते कुत्र्यावानी. येऊ देतो. थो वेलीले काई करत नायी, वेलीखाली बसून राहते गुमान."

किसनाजीची पऱ्हाटी उदंड आली. बैलांच्या शिंगांवर शेंब्या आल्या, अंगात मलमल आली. मग त्याला अमरावतीही पुरेना. आगगाडी अकोल्याला येणार, रुईचे ढीग तिथं पडणार म्हणून तो अकोल्याला जाऊन राहिला, मोर्णा नदीच्या काठी. अडत्याच्या बंड्यांसोबत मी अकोल्याला गेलो की त्याच्याकडे उतरायचो. घर मोठं, माणसं पुष्कळ आणि जेवताना एक माणूस धावत येऊन भाव सांगणार, की किसनाजीचा घास तिथंच थांबणार. जेवणानंतर पान यायचं. तो पान उघडून देठ पाहायचा, बाजूला ठेवायचा. खायचा नाही.

"तुह्या नकला दाखव," असं तो म्हणायचा. मी साहेब आणायचो, शेठ आणायचो, सगळे हसायचे. मग सगळे गेले की हळू आवाजात, "दादाची येते का तुले?"

येत नव्हती. खरं सांगतो, मी अर्ध्या वऱ्हाडाची नक्कल करू शकायचो, पण पुंजाजीकाका काही उतरायचे नाहीत. घोगरा आवाज जमायचा, "बाप्पा" म्हणायची लकब जमायची, चालणंही जमायचं, पण मधला माणूस गायब. शेठजीत हावरटपणा पकडला की झाला शेठजी. साहेबात घमेंड पकडली की झाला साहेब. काकांत पकडायचं काय? एकदा त्यांच्यासमोरच करून दाखवली होती. काका मनापासून हसले आणि म्हणाले, "आवाज माहाच हाय रे. पन इतका घाईत मी कवा होतो?"

किसनाजीसमोरही तेच झालं. त्यानं ऐकलं आणि मान हलवली. "नायी. हे दादा नायी." मग नदीकडे पाहत, "काय म्हनते दादा? शिव्या देते का मले?"

"तुमच्या वेली जपून ठेवल्या हायेत त्यायनं. वेगळ्या ओळीत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. उठून आत गेला.

मग अमेरिकेतली भावाभावांची लढाई मिटली. तिकडे मिटली आणि इकडे बाजारात रडारड झाली. रुमालाखालची बोटं ढिली पडली. अकोल्याला आगगाडी दिमाखात पोचेस्तोवर किसनाजीची सगळी शान उतरून गेली होती. एक दिवस तो शेंब्या नसलेली बैलजोडी हाकत परत आला आणि आपल्या वाटणीच्या तुकड्याशेजारी झोपडी घालून राहिला. पऱ्हाट्यांची सुकलेली खुंटं समोर आणि कुडापलीकडे दादाचा मळा.

रोज सकाळी तो हिवरापर्यंत यायचा. जोडे काढायचा. उभा राहायचा. पुन्हा जोडे घालून परत जायचा.

मी काकांना म्हणालो, "बोलवा ना त्यायले."

"बोलावलं तर येईन थो. मोठ्या भावाचा हुकूम म्हनून येईन, मान खाली घालून. तसा आला तर जलमभर तसाच राहीन." काका पानावरचं पाणी झटकत म्हणाले. "मळ्यात थांबाले शिकलो रे मी. माह्याजवळ दुसरं काय हाय?"

पण त्यांच्याजवळ थांबायला वेळही फारसा नव्हता. त्या हिवाळ्यात त्यांना ताप आला तो हटेचना. छाती भरली, आवाज बसला. घरी राहीनात, म्हणून त्यांची बाज मळ्यातच, विहिरीजवळच्या सावलीत टाकली. शेजारीच ती वेगळी ओळ. आता चांगली माणसाच्या डोक्यावर गेलेली, गर्द पानांची. उतरणीचे दिवस जवळ आले होते. उतरण म्हणजे वाढलेली वेल शेवरीवरून खाली उतरवून, गुंडाळी करून मातीत द्यायची, की ती नव्यानं फुटून चढते. काका पडल्या पडल्या त्या ओळीकडे पाहायचे. ते काम एकट्याचं नव्हतं. एकानं वरून वेल सोडायची, दुसऱ्यानं खाली झेलायची.

एका सकाळी मी आणि काकू बाजेजवळ बसलो होतो. कुडाच्या फटीतून किसनाजी दिसला, हिवराखाली, हातात जोडे. काकांनी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही, नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. मग माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवून माझ्याकडे दाखवलं.

मला कळलं. "मले नायी येत तुमची, काका. तुमाले मालूम हाय."

काकांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे, बोल.

काकू पुटपुटली, "बोल ना रे! साऱ्या गावाचे तोंडं काढतो, आता काय झालं?"

मी कुडाकडे तोंड केलं. पहिल्यांदाच मला कोणाला हसवायचं नव्हतं. "किसना," मी म्हणालो, "जोडे काढलेच हायेत, तर ये ना आत."

किसनाजीच्या हातातून एक जोडा पडला. मग त्याचा आवाज आला, फाटलेला. "दादा, राग हाय अजून अंगात. कसा येऊ?"

हे मला सांगितलेलं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत तेच पहिल्या दिवसाचं हसू होतं, आज कोन आनला? मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा नक्कल करताना मी थांबलो.

"कोनावर हाय?" मी विचारलं.

"माह्यावरच, दादा."

"मंग थो चालते," मी म्हणालो. "तसलाच एक मीबी रोज घेऊन येतो आत. वेलीखाली बसून राहते गुमान."

दारातून किसनाजी आला. वाकून मातीला हात लावला आणि तो हात कपाळापर्यंत न्यायचं विसरून तसाच चालत बाजेपाशी आला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं ओळ दाखवली. किसनाजी वेलीला टेकून लहान पोरासारखा रडला. काकू म्हणाली, "रडून झालं का हात धुवा, उतरण पडली हाय." आणि तीही रडायला लागली.

काकांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या तोंडाशी कान नेला तेव्हा ऐकू आलं, "जमली रे आज."

उतरण झाली. किसनाजी वरून वेल सोडत होता, मी खाली झेलत होतो आणि काका बाजेवरून बोटानं चुका काढत होते. त्या वेली नवीन शेवऱ्यांवर चढायला लागल्या तेव्हा काका गेले. दुपारी, जेवणानंतर, पाटाचं पाणी चालू असताना. घोरत नाहीत म्हणून काकूनं वळून पाहिलं.

पऱ्हाटीचा तो तुकडा आता पुन्हा पानमळा आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, कुठं होता ते मलाही आता सांगता येणार नाही.

परवा बाजारात माझं पुन्हा वाजलं. कोणाशी, काय, ते सोडा. मी पाय आपटत मळ्याच्या दारात पोचलो, आत घुसणार, तोच आतून आवाज आला, "ए! अंगात कोन हाय?"

मी जागच्या जागी थिजलो. काका! मग कुडाआडून किसनाजीचं पिकलेलं डोकं वर आलं.

"बस बाहेर," तो म्हणाला.

बसलो. आत टिक, टिक, टिक. रागातही मला राहवेना. "किसनाजीकाका, तुमाले तर दादाची नक्कल माह्यापेक्षा चांगली येते."

"नक्कल कायची बे? मी बोललो." मग जरा वेळानं, पान उलटत असावा तसा, "तुही त्या दिवसाची मले पयल्याच शब्दाले समजली होती."

"काय सांगता!"

"दादानं जलमात कवा मले किसना म्हटलं नायी. धाकल्या म्हने."

मी उठून कुडाला डोळा लावला. "मंग आत काहून आले?"

"तुह्या बापाची हिंमत नव्हती त्या मळ्यात उभं राहून दादाच्या आवाजात बोलाची. दादानं सांगितलं असंन, तवाच बोलला असशीन." टिक. "अन् थे जे रोज आत येते म्हनला ना, वेलीखाली बसते थे, थे काई तुह्या डोक्यातलं नव्हतं. तुह्या डोक्यात इतकं नायी."

मी हिवराकडे पाहिलं. एका काट्याला वाऱ्यानं उडालेलं पान अडकून हलत होतं.

"निवला का?" आतून विचारलं.

"नायी."

"मंग बस."